पाठविणाऱ्यांची श्रद्धा

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं उपासना आटोपल्यावर आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या मातोश्री आम्हांस भेटावयास आल्या. कुटुंब लालबागच्या चाळींतील. मुलगी परिचारिकेचें शिक्षण घेऊन नोकरीस लागलेली. परदेशांत आपद्ग्रस्तांच्या शुश्रूषेसाठीं जाणाऱ्या एका वैद्यकीय पथकांत तिनें आपलें नांव घातलें होतें आणि आठ दिवसांत तिला निघावयाचें होतें. आई थोडा वेळ इकडचें तिकडचें बोलल्या, नंतर म्हणाल्या, "सर, तिला अडवावें असें माझ्या मनांत नाहीं. अडविलें तरी ती ऐकणार नाहीं. मला एवढेंच सांगा, रोज नेमानें प्रार्थना केली तर ती परत येईलच ना?"

आम्ही त्यांस म्हणालों, "देव सर्व पाहून घेईल." त्यांनीं मान हालविली आणि त्या निघून गेल्या. उत्तरानें त्यांचें समाधान झालें नव्हतें, केवळ आमचा मान राखून त्या गप्प बसल्या होत्या, हें आमच्या ध्यानांत आल्यावांचून राहिलें नाहीं. त्या दिवसापासून तो प्रश्न आमच्या मनांत घर करून बसला आहे. आमच्या शाळेंतून दर वर्षीं जीं मुलें बाहेर पडतात त्यांपैकीं कांहीं डॉक्टर होतील, कांहीं परिचारिका, कांहीं नौदलांत वा सैन्यांत जातील. आणि आज ना उद्यां त्यांच्याहि घरीं हा प्रश्न उभा राहील. म्हणून जें उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं तें येथें देण्याचा यत्न करतों.

वाट पाहणें हें आपल्या भागांतील घरांस नवें नाहीं. गिरगांव, परळ, लालबाग, दादर येथील चाळी ज्यांनीं भरल्या तीं माणसें कोंकणांतून आणि देशावरून गिरण्यांत, गोदींत व पेढ्यांत कामाला आलीं, आणि मागें गांवीं त्यांच्या आया व बायका पत्राची आणि मनिऑर्डरीची वाट पाहत राहिल्या. कित्येक आगबोटींवर खलाशी म्हणून गेले. पहिल्या महायुद्धांत समुद्रावर मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक मशीद बंदराजवळील इंडियन सेलर्स होममध्यें आहे. त्यांना समुद्रावांचून दुसरी कबर नाहीं. त्या प्रत्येकामागें कोणी तरी वाट पाहत होतें.

परंतु आज आम्ही ज्याविषयीं लिहीत आहों तें वाट पाहणें थोडें निराळें आहे. जो पोटासाठीं परमुलखीं जातो त्याच्या जाण्याचें कारण घरांतच असतें. चूल पेटावयास पाहिजे, बहिणीचें लग्न व्हावयास पाहिजे. म्हणून घर त्याचा विरह सोसतें. जो परक्या देशांतील अनोळखी माणसांस मदत करावयास जातो त्याच्या जाण्यानें घराला कांहींच मिळावयाचें नसतें. शिवाय ज्या ठिकाणाहून माणसें जीव मुठींत धरून पळत असतात नेमका त्याच ठिकाणीं तो चाललेला असतो. तेव्हां आई विचारते, "कशासाठीं?" आणि मग, "परत येईल ना?"

या दोन प्रश्नांचा विचार करतांना आम्हांस एका मराठी घराची आठवण होते. १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली. चिनी सेनानी चू ते यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितलें. राष्ट्रसभेचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं देशाला आवाहन केलें. वर्गणी जमली आणि पांच डॉक्टरांचें पथक सिद्ध झालें. अलाहाबादचे मदन अटल प्रमुख, नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. कोटणीस यांचें वैद्यकीय शिक्षण आपल्या परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत झालें होतें. १ सप्टेंबर १९३८ रोजीं पांचहि जण मुंबई बंदरांतून आगबोटीनें निघाले. त्या दिवशीं कोटणीसांस अठ्ठावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

ते चीनमध्यें असतांनाच इकडे त्यांच्या वडिलांचा मृत्यु झाला. परत यावयास तें कारण पुरेसें होतें आणि ते आले असते तर कोणींहि त्यांस बोल लावला नसता. ते तेथेंच राहिले. १९४१ च्या आरंभीं बेथून यांच्या नांवानें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथील शुश्रूषाशास्त्राच्या शिक्षिका को चिंगलान यांच्याशीं त्यांनीं विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टांत त्यांना मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या नांवांतील अक्षरें घेऊन त्याचें नांव यिनहुआ ठेविलें. त्याच वर्षीं ९ डिसेंबर रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, डॉ. कोटणीस आजारानें निवर्तले. पुढें १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं परळच्याच आपल्या राजकमल कलामंदिरांतून त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला, त्यामुळें त्यांचें नांव घरोघर पोहोंचलें.

आतां वाचकांनीं या घटनेकडे घरच्या माणसांच्या बाजूनें पाहावें. पांच घरांतून पांच पुत्र एकाच बोटीवर चढले. चौघे परत आले, एक आला नाहीं. प्रार्थनेचें फळ म्हणजे सुखरूप परतणें असा नियम धरला तर काय म्हणावें लागेल? चार घरांची प्रार्थना खरी आणि सोलापूरची खोटी? चार घरांचा देव जागा आणि पांचव्या घराचा निजलेला? असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं, आणि कोणा विचारी माणसाची रेटेल असें आम्हांस वाटत नाहीं. डॉ. कोटणीस ख्रिस्ती नव्हते. ते देवाच्या नांवानें गेले असाहि आमचा दावा नाहीं. अखेरच्या वर्षांत त्यांनीं चिनी साम्यवादी पक्षाचें सभासदत्व पत्करलें होतें. पण देवावरील भरवशाची कसोटी येथें जाणाऱ्याची नसून पाठविणाऱ्यांची आहे, आणि पाठविणाऱ्यांच्या दृष्टीनें पांचहि घरें सारखींच होतीं.

यावरून आमच्या मतें एक गोष्ट स्पष्ट होते. भरवसा निराळा आणि हमी निराळी. हमी आपण दुकानदाराकडे मागतों, पेढीकडे मागतों. ती कागदावर लिहून मिळते आणि मोडली तर दाद मागतां येते. भरवसा माणसावर ठेवावयाचा असतो. जो हमी घेतल्याशिवाय पाऊल उचलीत नाहीं त्याला भरवशाची गरजच उरत नाहीं. "परत येईलच ना?" या प्रश्नांतील "च" हा हमी मागणारा आहे. तो आईच्या तोंडीं येणें अगदीं स्वाभाविक आहे. पण ज्या शिक्षकानें, पाळकानें वा शेजाऱ्यानें "होय, येईलच" असें उत्तर दिलें त्यानें आपल्या अधिकाराबाहेरचें वचन दिलें. अशा वचनाचा हिशेब पुढें देवाच्या नांवावर मांडला जातो. मूल परत न आल्यास त्या आईचें मूलहि जातें आणि देवहि जातो. आमचें त्या दिवशींचें "देव सर्व पाहून घेईल" हें उत्तर असें खोटें वचन नव्हतें, तरी त्याच्या फार जवळचें होतें, हें आम्ही कबूल करतों.

आपल्या देशांत नवस बोलण्याची चाल जुनी आहे: तूं माझें अमुक कर, मी तुझें तमुक करीन. ख्रिस्ती घरांत नवस हा शब्द कोणी उच्चारीत नाहीं. पण आम्हांस भय वाटतें कीं निराळ्या नांवानें आपणहि तेंच करतों. "मी एवढ्या वर्षांत एकहि रविवार चुकविला नाहीं, तेव्हां देव माझ्या मुलाला जपेल," असें जेव्हां मनांत येतें तेव्हां तो नवसच होय. दानीएलाच्या पुस्तकांतील शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो या तिघांची गोष्ट आमच्या सर्व विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. भट्टी पेटलेली असतां राजानें त्यांस धमकी दिली, तेव्हां आपला देव आपणांस सोडविण्यास समर्थ आहे असें त्यांनीं सांगितलें. बहुतेक मुलांस एवढेंच आठवतें. परंतु ते तेथें थांबले नाहींत. त्यानें आम्हांस न सोडविलें तरीहि आमचें उत्तर बदलणार नाहीं, असेंहि त्यांनीं राजाला बजाविलें. त्या गोष्टीचें सारें बळ या दुसऱ्या भागांत आहे. पहिला भाग सामर्थ्यावरचा विश्वास झाला, दुसरा देवावरचा.

येथें कोणी विचारील, "परतण्याची खात्री नाहीं तर मग प्रार्थना करावयाची कशाला?" हा आक्षेप खोटा नाहीं. त्याचें उत्तर आम्हांस गेथशेमाने बागेंत मिळतें. तो दुःखाचा प्याला टळावा असें प्रभूनें स्पष्ट शब्दांत मागितलें. मन मारून, शहाणपणाचा आव आणून तो गप्प बसला नाहीं. मग त्यानें सर्व कांहीं पित्याच्या इच्छेवर सोंपविलें. आईनेंहि असेंच करावें. "माझी मुलगी सुखरूप परत आण," असें तिनें रोज, रडत, न लाजतां मागावें. तें मागण्यांत श्रद्धेची उणीव मुळींच नाहीं. फक्त प्रार्थना तेथें संपूं देऊं नये. पुढचा अर्धा भागहि म्हणावा. तो एका दिवसांत म्हणतां येत नाहीं. कित्येकांस महिने लागतात, आणि देव त्यांची वाट पाहतो.

दुसरी एक गोष्ट आम्ही त्या माउलीस सांगूं इच्छितों. ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं पहाटे तुर्कस्थान आणि सीरिया या देशांत भूकंप झाला. पन्नास हजारांहून अधिक माणसें मेलीं. भारतांतून राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचीं पथकें आणि सैन्याचें फिरतें रुग्णालय तिकडे धाडण्यांत आलें. भर थंडींत पडक्या घरांच्या ढिगाऱ्यापाशीं ज्या आया बसल्या होत्या त्याहि देवाची करुणाच भाकीत होत्या. त्यांच्या भाषेंत, त्यांच्या रीतीनें. त्यांच्या मागण्याला देवानें उत्तर कसें द्यावयाचें? आकाशांतून दगड उचलून नव्हे. कोणाची तरी मुलगी, कोणाचा तरी मुलगा उठून तिकडे जातो, हेंच तें उत्तर. मग आपली मुलगी जेव्हां पिशवी भरीत असते तेव्हां ती कोणा दुसऱ्या आईच्या प्रार्थनेचें उत्तर होऊन चालली आहे, असें कां म्हणूं नये? आपली प्रार्थना देवानें ऐकावी असें ज्यास वाटतें त्यानें, दुसऱ्याची प्रार्थना ऐकतांना देव आपल्या दारीं आला तर, दार लावून घेणें योग्य नव्हे.

"परंतु आपल्याच देशांत दुःख थोडें आहे काय? परक्यांकडे कशाला धांवावें?" हा प्रश्न आमच्या पालकसभांतून कोणी ना कोणी करतोच. त्याचें उत्तर परळच्या एका रस्त्यावर दगडविटांत उभें आहे. आचार्य दोंदे मार्गानें जाणाऱ्या मुलांनीं एकदां थांबून दोन्ही बाजूंस पाहावें. त्याच रस्त्यावर के. ई. एम. रुग्णालय व त्याचें मेडिकल कॉलेज, जेथें शिकून कोटणीस चीनला गेले. आणि त्याच रस्त्यावर हाफकिन संस्था. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि माणसें शहर सोडून पळूं लागलीं. त्या वेळीं काळ्या समुद्राच्या कांठच्या ओडेसा शहरांत जन्मलेले वॉल्डेमार हाफकिन हे यहुदी शास्त्रज्ञ येथें काम करीत होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली. तीच आजची हाफकिन संस्था. मुंबईचीं माणसें हाफकिनांच्या रक्ताचीं नव्हतीं, भाषेचीं नव्हतीं, धर्माचींहि नव्हतीं. "आपलें सोडून परक्यांकडे कशाला?" हा प्रश्न त्यांस कोणीं विचारला असता आणि त्यांस तो पटला असता तर परळचा इतिहास निराळा झाला असता.

आमच्यासारख्या मिशनच्या शाळांनीं तर हा प्रश्न मुळींच विचारूं नये. १८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. १८२५ सालीं हॉल यांच्या पत्नी आपल्या दोन मुलांस घेऊन अमेरिकेस जावयास निघाल्या. त्यांतील एक मुलगा वाटेंत समुद्रावरच वारला. पति मुंबईंत कामावर राहिले. पुढच्या वर्षीं हॉल नाशिककडे गेले असतां तेथें पटकीची सांथ भरांत होती. रोग्यांस औषध देत ते फिरले, आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगानें २० मार्च १८२६ रोजीं मरण पावले. त्या काळीं मुंबईचें पत्र शिडाच्या जहाजानें अमेरिकेस पोहोंचावयास कित्येक महिने लागत. म्हणजे पति मरून गेल्यावरहि ती बाई दूर देशीं त्यांच्यासाठीं, ते जिवंत आहेत असें समजून, कित्येक आठवडे प्रार्थना करीत असली पाहिजे. तिकडच्या घरांनीं असें वाट पाहणें सोसलें म्हणून इकडे दवाखाने निघाले, शाळा निघाल्या, आणि आपण आज बाकावर बसून हा अंक वाचीत आहों. हें ऋण ज्यांच्याकडून घेतलें त्यांस फेडणें आतां शक्य नाहीं. तें पुढच्यांस फेडावयाचें असतें.

आणि घरचें दुःख मोठें असतांहि दुसऱ्याकडे जातां येतें. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें तामिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबार बेटें उद्ध्वस्त केलीं. आपलींच हजारों माणसें बुडालीं. तरी आपल्या नौदलाचीं जहाजें त्याच दिवसांत श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशिया येथें मदत घेऊन गेलीं. पुढच्याच वर्षीं २६ जुलै रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली, तेव्हां अनोळखी माणसांनींच अनोळखी माणसांस घरांत घेतलें, चहा दिला, कोरडे कपडे दिले. ज्यास गुडघाभर पाण्यांतून शेजाऱ्याला हात देतां आला त्यालाच पुढें समुद्रापलीकडे हात देतां येतो. या दोन गोष्टींत विरोध नाहीं.

येथवर आम्ही भरवशाविषयीं बोललों. परंतु भरवसा म्हणजे बेपर्वाई नव्हे, हेंहि तितक्याच जोरानें सांगितलें पाहिजे. ज्या नॉर्मन बेथून यांच्या नांवाचें रुग्णालय कोटणीसांनीं चालविलें ते कॅनडाचे मोठे शस्त्रवैद्य होते. शस्त्रक्रिया करतांना बोटाला झालेल्या एका लहान जखमेंतून रक्तांत विष पसरलें आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं ते वारले. मोठ्या युद्धांत एवढ्याशा जखमेनें माणूस जातो. सैतानानें प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सुचविलें, तेव्हां देवाची अशी परीक्षा पाहूं नये म्हणून प्रभूनें तें नाकारलें. तेव्हां ज्या घरांतून कोणी अशा कामाला निघत असेल त्या घरानें निःसंकोचपणें विचारावें: लशी टोचून झाल्या आहेत काय? पथकाचा प्रमुख अनुभवी आहे काय? विमा उतरविला आहे काय? निरोप कोणामार्फत येईल? आजारी पडल्यास परत आणण्याची सोय कोणती? हे प्रश्न विचारणारा बाप अश्रद्ध नव्हे. मदतीचीं माणसें पाठविणाऱ्या संस्थेनेंहि त्यांचीं उत्तरें पुण्यकर्माच्या नांवाखालीं टाळूं नयेत.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही हेंहि सांगतों कीं, नुसत्या उत्साहानें कोणी भूकंपाच्या मुलखांत धांवूं नये. ज्यास कांहीं काम येत नाहीं तो तेथें मदत होत नाहीं. त्याच्या अन्नाचा व निवाऱ्याचा भार दुःखितांवरच पडतो. आधीं शिका. शाळेंतील प्रथमोपचाराचा वर्ग टाळूं नका. पोहावयास शिका, जखम बांधावयास शिका, दुसऱ्याची भाषा शिका. कोटणीस चीनला गेले ते प्रथम डॉक्टर होऊन गेले.

आतां मागें राहणाऱ्यांविषयीं. वाट पाहणें हें निष्क्रिय बसणें नव्हे; तेंहि एक कामच आहे, आणि तें चांगलें अथवा वाईट रीतीनें करतां येतें. पूर्वीं पत्रास महिने लागत. आज फोन हातांत असतो, त्यामुळें काळजी कमी झाली असें वाटेल. वास्तविक ती वाढली आहे. निरोपापुढें दोन निळ्या खुणा दिसल्या नाहींत कीं आईचा घांस घशांत अडकतो. घरच्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, भूकंपांत दूरध्वनीचे मनोरे पडतात, वीज जाते, रस्ते तुटतात. फोन मुका झाला म्हणजे माणूस गेलें असें नव्हे. आणि जेव्हां फोन लागतो तेव्हां आपली सारी भीति त्या दोन मिनिटांत तिकडे ओतूं नये. तिकडे तिच्यापुढें शंभर रोगी आहेत. "आम्ही ठीक आहों, जेवण वेळेवर घे," एवढें ऐकून ती पुन्हां कामाला लागेल. "तूं केव्हां येतेस, मला झोंप नाहीं," हें ऐकून तिचा हात कांपेल. आपली झोंपेची तक्रार देवापाशीं करावी. तो ऐकावयास मोकळा आहे.

धाकट्या भावंडांनीं असें करावें: गेलेल्या ताईचें वा दादाचें घरांतील एक काम उचलावें. कोणी सकाळचें पाणी भरावें, कोणी आजीला दवाखान्यांत न्यावें, कोणी रात्रीं आईजवळ बसून अभ्यास करावा. तुम्हांस परदेशीं जावयाचें नाहीं, तरी त्या सेवेचा एक वांटा असा तुमच्याहि हातून होतो. शेजाऱ्यांनीं आणि मंडळींतील लोकांनीं त्या घरीं जाऊन, "अहो, पोरीला कशाला पाठविलीत?" असें विचारूं नये, भाजीची वाटी घेऊन जावें आणि थोडा वेळ बसावें. आणि घरच्या प्रार्थनेंत मुलीच्या नांवाबरोबर ज्यांची ती शुश्रूषा करीत आहे त्या लोकांचींहि नांवें घ्यावींत. नांवें ठाऊक नसलीं तर गांवाचें नांव घ्यावें. आमचा अनुभव असा कीं, भीतीनें आकसलेलें मन मोठें होऊं लागतें तें या एका संवयीनें.

त्या माउलींची मुलगी सहा आठवड्यांनीं परत आली. थोडी वाळली होती. बाकी सर्व ठीक. आई पेढे घेऊन शाळेंत आल्या, तेव्हां आम्हांसहि आनंद झाला. परंतु तिचें परतणें आम्ही या लेखाचा पुरावा म्हणून पुढें मांडीत नाहीं. ती आली म्हणून देव खरा, असें म्हटलें तर कोटणीसांच्या घरीं आणि हॉल यांच्या घरीं आपणांस काय सांगतां येईल? ती न येती तरीहि आम्हांस हेंच लिहावें लागलें असतें. फक्त लिहितांना हात थरथरला असता.

तेव्हां तो रविवार पुन्हां उगवला आणि तोच प्रश्न त्यांनीं पुन्हां विचारला, तर आम्ही म्हणूं, "ताई, ती परत येईलच असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ती जेथें जाईल तेथें देव तिच्याजवळ आहे, आणि येथें या खोलींत तुमच्याजवळहि तोच आहे, एवढें मात्र आम्ही मानतों. ती परत यावी असें मागा, मनापासून मागा. आणि तुमची हरकत नसेल तर आजची प्रार्थना आपण बरोबर बसून करूं."